डावीकडचा चाळीस

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही, स्टाफरूममधल्या एकीलाही नाही. आणि स्टाफरूममध्ये लपून काय राहतं हो? कुणाच्या डब्यात आज कुठली भाजी आहे तेसुद्धा राहत नाही. पण ही राहिली. मी राहू दिली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर — असा. आता माझी हरकत नाही.

मी कर्जतला राहते, भिसेगावात. कर्जत आणि खालापूर यांच्या मध्ये आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. नाव घेत नाही, कारण दोष कॉलेजचा नाही. तिथे मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स हा विषय शिकवते. ढीगभर माहिती मशीनमध्ये कशी रचायची, की हवी ती पटकन सापडेल आणि नको ती काढताना बाकीची विस्कटणार नाही — एवढंच त्यात असतं. स्वयंपाकघरातले डबे लावण्यासारखं काम. बायका रोज करतात, त्याला कुणी क्रेडिट देत नाही.

मी चांगलं शिकवते म्हणतात. फळ्यावरचं अक्षर सुंदर आहे — हे कुणी म्हणत नाही, मीच म्हणते.

पण सुरुवातीला मला हा विषय येत नव्हता. तिथूनच सुरू करायला हवं, नाही का? माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. कॉलेजात लागले ती तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार. हा विषय शिकवणारे सर भर सत्रात पुण्याला चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. आमच्या विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच घ्या हो. पोरांना काय कळतंय!" मी घेतला. नाही म्हटलं असतं तर तास गेले असते, आणि तासांबरोबर मीही.

त्या सत्रात मी वर्गाच्या जेमतेम एक धडा पुढे असायचे. गेलेल्या सरांच्या नोट्स पाठ करायच्या, सुंदर अक्षरात फळ्यावर उतरवायच्या, आणि कुणी हात वर केला की म्हणायचं, "चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू." पुढच्या तासाला प्रश्न कुणाच्या लक्षात असतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी तर पगारापेक्षा मोठी मूठ होती ती.

एकीच्या लक्षात असायचा. अक्षता तिचं नाव. खालापूरच्या बाजूच्या एका गावातली. वडील कागदाच्या कारखान्यात पाळीवर, आई घरची थोडी भातशेती सांभाळणारी. तिने वर्गात एकदा हात वर केला, माझं 'पुढच्या तासाला बघू' ऐकलं, आणि त्यानंतर कधीही वर्गात हात वर केला नाही. वर्ग रिकामा झाला की यायची. मला वाटायचं, लाजाळू आहे. मग हळूहळू कळलं — ती मला सांभाळून घेत होती. चारचौघांत माझी फजिती नको म्हणून पोरं बाहेर पडेपर्यंत थांबत होती. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी! मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग यायचा.

तरी मी थांबायचे. कारण ती प्रश्न विचारता विचारता स्वतःच उत्तरापर्यंत पोचायची, आणि मी नुसती मान डोलवत विषय शिकून घ्यायचे. मग तेच दुसऱ्या तुकडीला जाऊन शिकवायचे. तिच्याच शब्दांत. "असं बघा" म्हणायची माझी सवय अजून आहे, पोरं नक्कल करतात. ती सवय माझी नाही, तिची आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? शिक्षक विद्यार्थ्यांकडूनही शिकतो, भाषणात तर नेहमीच सांगतात तसं. बरोबर आहे. मी अजून मुद्द्याला आलेच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे, मला कळतंय.

झाडाचा धडा आला. आमच्या विषयातलं झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. वर एक आकडा लिहायचा. त्याहून लहान आकडे सगळे त्याच्या डाव्या बाजूला, मोठे सगळे उजव्या. खालच्या प्रत्येक आकड्यालाही हाच नियम. आता समजा, सगळ्यात वर पन्नास आहे, आणि तो काढून टाकायचाय. त्याच्या रिकाम्या जागी कोण बसणार? असा आकडा हवा, की डावीकडचे सगळे त्याहून लहानच राहतील आणि उजवीकडचे मोठेच. नोट्समध्ये लिहिलं होतं, उजवीकडच्यांतला सगळ्यात लहान घ्या. आमच्या झाडात तो होता साठ. मी फळ्यावर पन्नास पुसला, साठ लिहिला, पोरांनी उतरवून घेतलं.

अक्षता नेहमीप्रमाणे मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, डावीकडचा मोठ्यात मोठा घेतला तर? चाळीस?"

मला माहीत नव्हतं. मी फळ्याकडे बघत राहिले, विचार करत असल्यासारखी. मग तीच म्हणाली, "असं बघा. शाळेत फोटोला उंचीनं उभं करतात ना? मधली पोरगी निघून गेली, तर तिच्या जागी डावीकडची लगतची सरकवा नायतर उजवीकडची. लाईन कुठं मोडते?"

आणि मला दिसलं. खरंच दिसलं. तोवर मी हे झाड आरतीसारखं पाठ केलं होतं, त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. फार छान वाटलं मला, आजही ते आठवतं.

"चालेल ना, मॅडम?"

"चालेल," मी म्हणाले. "दोन्ही चालतं."

हे वर्गाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काल का नाही सांगितलं, असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून पोरांच्या वह्यांत उजवीकडचाच राहिला. डावीकडचा फक्त आम्हा दोघींना ठाऊक.

आता परीक्षेचं सांगते. प्रॅक्टिकल परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून एक परीक्षक येतात, त्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. एक्स्टर्नल म्हणजे लग्नातला व्याही. सकाळी गरम नाश्ता, अकराला शहाळं, दुपारी थाळी — आणि त्यात गोड हवंच. आपल्या पोरांचे मार्क त्यांच्या हातात, म्हणून त्यांना उलट बोलायचं नाही, हा अलिखित कायदा. विद्यार्थी वाडग्यातून चिठ्ठी उचलतो, चिठ्ठीवर असेल तो प्रोग्राम करून दाखवतो, मग तोंडी दोन-चार प्रश्न. शिकवणारी मॅडम म्हणून मी शेजारच्या खुर्चीत बसलेली. एक्स्टर्नलना पोरगं कसं आहे कळायला वेळ नसतो, ते आमच्या चेहऱ्याकडे बघतात. आम्ही किंचित मान हलवली की पोरगं तरतं. आम्ही खिडकीबाहेर बघायला लागलो की बुडतं. हे सगळ्या कॉलेजांत चालतं, आणि बहुतेक वेळा पोरांच्या भल्यासाठीच चालतं.

त्या वर्षी आलेले सर तापट म्हणून प्रसिद्ध होते. विभागप्रमुखांनी मला बजावलं होतं, "मॅडम, वाद नको. तुमचं कायम होण्याचं प्रकरण वर गेलंय." पुढच्याच महिन्यात मुलाखत होती माझी. आणि हे सरही अशा मुलाखतींना बसतात, असं प्रमुख जाता जाता म्हणाले होते.

अक्षताचंही त्या परीक्षेवर काहीतरी अवलंबून होतं. तिसऱ्या वर्षाला तिला मुंबईच्या सरकारी कॉलेजात बदली घ्यायची होती. तिथे एखाददुसरी जागा रिकामी होते, मार्क चांगले असतील तर मिळते. तिचे होते. अट एवढीच, की सगळे विषय सुटलेले हवेत. एकही केटी नको — म्हणजे एकही विषय अडकून पुढच्या खेपेला ढकललेला नको. हे तिने माझ्याशिवाय कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. उगाच बोभाटा नको म्हणून. मला सांगितलं, कारण — कारण मी तिची मॅडम होते. दुसरं काय?

तिने चिठ्ठी उचलली. झाडातून आकडा काढणे. झाडही वर्गातलंच, वर पन्नास.

आम्ही टेबलाशी, ती भिंतीकडच्या मशीनवर. प्रोग्राम तिने झटपट केला. सर उठून तिच्या मशीनशी गेले. त्यांच्याजवळच्या छापील उत्तरात वर साठ होता, तिच्या स्क्रीनवर चाळीस. "हे चुकलं," ते म्हणाले. ती म्हणाली, "सर, मी डावीकडचा घेतला. दोन्ही चालतं." आवाज नेहमीचा, उद्धट मुळीच नाही. पण तापट माणसाला शांत उत्तर जास्त झोंबतं. "दोन्ही चालतं? कुणी सांगितलं तुला?"

'मॅडमनी सांगितलं' — दोन शब्द होते. तिने उच्चारले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं. तिला खात्री होती, की आता मी बोलेन.

सर टेबलाशी परत आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही असं शिकवलंय का?"

मी त्यांच्याकडे झुकले. तेवढ्याच हळू म्हणाले, "नाही सर. आम्ही उजवीकडचाच शिकवलाय."

झालं. हेच ते. यातला एकही शब्द खोटा नाही, बघा. उजवीकडचाच शिकवला होता, कुठलीही वही उघडून बघावी. त्यांनी मान हलवली आणि नापासाचे मार्क लिहिले.

का म्हणाले मी असं? मुलाखतीची भीती होती, हो. प्रमुखांनी बजावलं होतं, तेही खरं. त्याहून मोठी भीती ही, की 'दोन्ही चालतं' म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कसं ते फळ्यावर दाखवा. मला दाखवता आलं असतं, नक्की आलं असतं, पण त्या क्षणी माझा माझ्यावर विश्वास नव्हता. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक आहे. पोरं अडली की माझ्याकडे येत नसत, तिच्याकडे जात. कॅन्टीनमध्ये तिच्याभोवती घोळका असायचा. सरांनी ते मार्क लिहिले तेव्हा मला धक्का बसायला हवा होता. मला बरं वाटलं. फार वेळ नाही — डोळ्याची पापणी लवेपर्यंत. पण वाटलं.

इथवर थांबलं असतं तर भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. थांबलं नाही.

संध्याकाळी मार्कांचं पाकीट बंद करण्याआधी एक शेवटचा चहा होतो. तेव्हा एक्स्टर्नल विचारतात, "कुणाचं बघायचं राहिलंय का?" म्हणजे काठावर कुणी बुडत असेल तर आत्ताच नाव सांगा, ओढून घेऊ. ही पद्धतच आहे. त्या सरांनीही विचारलं. थाळी त्यांना आवडली होती, दिवसभराचा पारा उतरला होता. मी दोन पोरांची नावं सांगितली. एकाने सत्रभरात एकही प्रोग्राम स्वतः केला नव्हता, दुसऱ्याला झाड आणि रांग यांतला फरक माहीत नव्हता. सरांनी दोघांनाही हसत पास केलं. "आणखी कुणी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही सर."

विसरले होते का? नाही. नाव ओठांवर होतं. पण ते घेतलं असतं तर सर म्हणाले असते, अहो मग सकाळी का नाही बोललात? सकाळचं झाकायला संध्याकाळी गप्प बसले. पाकिटाला लाख लागली. लेखी पेपर पुन्हा तपासून घेता येतो, तोंडी परीक्षेचं तसं काही नसतं. जे लिहिलं ते लिहिलं.

निकालानंतर अक्षता आली. मी मनात सगळी तयारी करून बसले होते. रडेल, भांडेल, विचारेल, तुम्हीच तर म्हणाला होतात चालेल. तिने यातलं काही केलं नाही. म्हणाली, "मॅडम, तुमी सांगितलंत ना सरांना. मी बघितलं तिथून. तरी नाय ऐकलं त्यांनी. जाऊ दे आता."

कळलं तुम्हाला? तिला ऐकू गेलंच नव्हतं. मी वाकून काहीतरी बोलले, एवढंच तिने भिंतीजवळून पाहिलं होतं, आणि बाकीचं तिने स्वतः भरून घेतलं होतं — माझ्याबद्दल चांगलं.

मी म्हणाले, "बाहेरचे सर असतात गं तसे."

हे मात्र साफ खोटं होतं. परीक्षेच्या दिवशीच्या वाक्याला निदान खऱ्याचा आडोसा होता, याला काहीच नव्हता.

पुढच्या खेपेला तिने ती परीक्षा पुन्हा दिली. योगायोगाने चिठ्ठी झाडाचीच निघाली. तिने उजवीकडचा घेतला. एकदाही वर बघितलं नाही, मीही काही विचारलं नाही. पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मुंबईचं कॉलेज अर्थातच गेलं. ती आमच्याकडेच राहिली आणि शेवटच्या वर्षी वर्गात पहिली आली. पण नोकऱ्या द्यायला येणाऱ्या कंपन्यांचीही तीच अट निघाली, एकही केटी नको, नंतर सुटलेलीसुद्धा नको. बाकीचा वर्ग मुलाखतीला बसायचा, आणि पहिली आलेली मुलगी पाहुण्यांना पाणी द्यायच्या कमिटीत. आता ती खालापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात असते, माल किती आला, किती गेला ते कॉम्प्युटरवर चढवते. वाईट चाललंय असं नाही. पगार वेळेवर होतो, साहेब बरे आहेत. पण तिच्या डोक्याला तिथे काम नाही, हे मला जितकं माहीत आहे तितकं त्या साहेबांनाही नसेल.

मी त्याच वर्षी कायम झाले. मुलाखतीला ते सर नव्हतेच. 'डावीकडचा की उजवीकडचा' असं तर कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून मी वर्गात दोन्ही शिकवते. फोटोच्या रांगेचं उदाहरण देते. पोरांना ते फार आवडतं. "मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?" असं एकदा एका मुलाने विचारलं. मी हसले.

आणि एवढं सांगून मी गप्प बसले असते. पण या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत अक्षता कॉलेजात आली. बरोबर आई आणि धाकटी बहीण, प्राजक्ता. आईने पिशवीतून घरचे कडवे वाल आणले होते माझ्यासाठी. त्यांना मी स्टाफरूममध्ये बसवलं. धाकटीला पहिल्या यादीत नवी मुंबईचं एक कॉलेज मिळालं होतं — आमच्याहून कितीतरी चांगलं, मी स्वतःच्या मुलीला डोळे मिटून तिथे घातलं असतं. पण दुसऱ्या यादीसाठी त्यांनी आमचं कॉलेज वर टाकलं होतं, आणि आता ते मिळालं होतं. फक्त पक्कं करायचं बाकी होतं, ते केलं की नवी मुंबईची जागा सुटणार होती. तेवढ्यासाठीच आल्या होत्या. मी विचारलं, असं का केलंत?

अक्षताने बहिणीला पुढे केलं. "ह्याच त्या मॅडम," ती म्हणाली. "तवा सगळे गप व्हते. ह्या एकट्याच माज्यासाठी बोलल्या."

आई म्हणाली, "लांबचं कालेज चांगलं हाय, समदी सांगतात. पन तिथं तुमच्यावानी कोन हाय का मानूस? म्हनून हिला पन तुमच्याच हवाली करते, बाई."

प्रवेश पक्का करायची मुदत संध्याकाळपर्यंत होती. अजून दुपारही झाली नव्हती. एक वाक्य पुरेसं होतं — तिला घेऊन जा, लांबच्या कॉलेजात घाला. कारणही सांगायला लागलं नसतं. माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

मी चहा मागवला. आणि म्हणाले, "बरं केलंत."